चौथी चाचणी

शाहूपुरीत, गुळाच्या अडतीवर, लोखंडी जिन्यानं वर
एक टेबल, दोन पडदे, पंखा बंद.
पंख्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येते.
खाली तीस-तीस किलोंचे रवे उतरतात धपाधप,
ते मात्र बंद करता येत नाही.

सव्वादोन. बेइरात पावणेअकरा.
ओलिंदा येते, आधी नुसतं कपाळ, मग सगळी.
तिचं इंग्रजी उसनं, माझंही;
दोघी जपून वापरतो, परत करायचं असल्यासारखं.

मी पाठ केलेलं म्हणते:
परीक्षा तुमची नाही, आमच्या पानाची आहे.
मनात येईल ते मोठ्यानं बोला.
मी मदत करणार नाही, राग मानू नका.
ती हसते. मदतीचं पान, आणि मदत नाही?
हे हसणं कुठल्या रकान्यात टाकायचं असतं?

काम पहिलं. तुमच्या भागात पूर आलाय.
प्यायचं पाणी कुठं मिळेल, शोधा.

बाण निघतो. 'संसाधने'वरून जातो, थांबत नाही.
'परिस्थिती अहवाल' उघडते. एकोणचाळीस पानं.
मिटते.
होडीच्या फोटोवर दाबते. परत. तिसऱ्यांदा.
होडी नुसता फोटो आहे.
बावीस सेकंद. चाळीस.
"चुकले का मी?"
आणि मला शिकवलंय तेच म्हणावं लागतं:
"तुम्हाला काय वाटतं?"

असं मी काकूला म्हटलं असतं त्या ऑगस्टात,
तर शिव्याच खाल्ल्या असत्या.
ती चिखलीत, स्लॅबवर, फोनमध्ये चार टक्के,
आणि एकच प्रश्न, "बंधाऱ्यावर किती फूट?"
आमच्याकडे पूर फुटांत विचारतात.
एकोणचाळीसला इशारा, त्रेचाळीसला धोका,
पोरांना पाढ्यांआधी पाठ.
मी फूट सांगितले. मग म्हटलं, दुधाच्या टेम्पोवाल्या
सर्जेरावाला लाव, रस्ता त्याला ठाऊक.
"त्यो हितंच हाय की, माज्याशेजारी.
भिजलाय नुसता."

ओलिंदा विचारते, तो धपधप आवाज कसला?
गुळाला शब्द सापडत नाही मला.
"उसाचे दगड," म्हणते.
हां, ऊस! तिच्या मामाच्या गावीही आहे.
आजचं हे एकच काम विनाअडथळा पार पडलं,
आणि ते यादीत नव्हतं.

पंचेचाळीस मिनिटं. आभार. मानधन दोन दिवसांत.
ती कॅमेरा बंद करते,
पडदा दाखवणं बंद करायला विसरते.
बाण अजून आमच्या पानावर फिरतोय.
आता तिला कुणी काम दिलेलं नाही.

शोधाच्या चौकटीत ती एक नाव लिहिते,
आडनावासकट, हळू,
एक अक्षर खोडून, नीट करून.
शून्य निकाल.
'शुद्धलेखन तपासून पाहा,' आमचं पान तिला सुचवतं.
ती तपासते.
नुसतं नाव. मग नुसतं आडनाव.
शून्य. शून्य.

मी रेकॉर्डिंग थांबवते, थांबवायला हवं होतं त्याच्या नंतर.
तेवढा तुकडा पुसते.
नाव इथंही लिहीत नाही.

संध्याकाळी अहवाल:
चारपैकी चौघांना 'संसाधने' हा शब्द लागला नाही.
तिथं 'पाणी कुठं आहे' असं लिहा, माणसं विचारतात तसं.
होडी काढा, नाहीतर होडी चालू करा.
'शून्य निकाल' येतो त्या पानावर

इथं कर्सर लुकलुकत राहतो.
खाली हमाल विचारतो, "मोजलं का गा?"
"दोनदा मोजलं," कुणीतरी म्हणतं,
"एक रवा कमी भरतोय."